दोन कार्डांचा ताळेबंद

संगणकाच्या पडद्यावर त्रिमितीय दृश्य उभे करणारी स्वतंत्र कार्डे 1996 च्या सुमारास हौशी लोकांच्या यंत्रांत बसू लागली आणि त्यांच्याबरोबरच एक प्रथा जन्मास आली. कार्ड प्रत्यक्ष हाती येण्यापूर्वीच त्याच्या तपशिलाच्या कोष्टकातील आकड्यांवरून त्याच्या सामर्थ्याचा निवाडा करण्याची. या निवाड्याचे गणित सोपे होते. चिपचे घड्याळ दर सेकंदास जितके ठोके देते त्या संख्येस पाइपलाइनींच्या संख्येने गुणावे, म्हणजे ती चिप एका सेकंदात जास्तीत जास्त किती पिक्सेल रंगवू शकेल ते निघते. थ्रीडीएफएक्स कंपनीचे पहिले व्हूडू कार्ड 50 मेगाहर्ट्झवर चाले आणि दर ठोक्यास एक पिक्सेल रंगवी, म्हणून त्याची सैद्धांतिक क्षमता 5 कोटी पिक्सेल. दोन वर्षांनी एनव्हिडियाने रिवा टीएनटी या कार्डासाठी 125 मेगाहर्ट्झ आणि दोन पाइपलाइनी, म्हणजे 25 कोटींचे आश्वासन दिले. प्रत्यक्षात कार्ड 90 मेगाहर्ट्झवर अवतरले आणि आकडा 18 कोटींवर उतरला. असे असूनही लोकांचा कोष्टकावरील विश्वास ढळला नाही, कारण तोवर सर्वच कार्डांचे काम बहुतांशी एकाच प्रकारचे होते आणि ज्याचा गुणाकार मोठा, त्याचे चित्रही सामान्यतः अधिक वेगाने हलत असे.

हा विश्वास ज्या सामन्यात कायमचा डळमळला तो 2002 आणि 2003 या दोन सालांतला. एका पक्षी कॅनडातील एटीआय कंपनीचे रेडिऑन 9700 प्रो, दुसऱ्या पक्षी कॅलिफोर्नियातील एनव्हिडियाचे जीफोर्स एफएक्स 5800 अल्ट्रा. एटीआयने 2000 साली आर्टएक्स नावाची लहानशी कंपनी विकत घेतली होती. तिचे संस्थापक सिलिकॉन ग्राफिक्स या नामांकित संस्थेतून बाहेर पडलेले अभियंते होते, आणि रेडिऑनच्या नव्या चिपची आखणी मुख्यतः या मंडळींच्या हातून झाली. एनव्हिडियाने त्याच वर्षाच्या अखेरीस थ्रीडीएफएक्सची मालमत्ता आपल्या पदरात पाडून घेतली आणि तिचे अनेक अभियंतेही आपल्याकडे आणले. नव्या कार्डाच्या नावातील 'एफएक्स' ही अक्षरे त्या वारशाची खूण म्हणून मिरवली गेली.

आता तपशील पाहू. रेडिऑनची चिप 0.15 मायक्रॉनच्या जुन्या व पक्क्या पद्धतीने घडवलेली, सुमारे 11 कोटी ट्रान्झिस्टरांची, 325 मेगाहर्ट्झवर चालणारी. जीफोर्सची चिप 0.13 मायक्रॉनच्या नव्या पद्धतीची, साडेबारा कोटी ट्रान्झिस्टरांची, 500 मेगाहर्ट्झची. वरवर पाहणारास येथेच निकाल लागल्यासारखा वाटावा. मेमरीच्या रकान्यातही जीफोर्सची डीडीआर-2 मेमरी 1000 मेगाहर्ट्झच्या प्रभावी वेगाची, तर रेडिऑनची अवघी 620 ची. परंतु पाटातून शेतास मिळणारे पाणी जसे प्रवाहाच्या वेगावर तसेच पाटाच्या रुंदीवर अवलंबून असते, तसेच मेमरीचेही आहे. जीफोर्सचा पाट 128 बिटांचा होता आणि रेडिऑनचा 256 बिटांचा. गुणाकार केल्यास पहिल्यास सेकंदाला 16 गिगाबाइट आणि दुसऱ्यास 19.8 गिगाबाइट मिळतात. ज्याचे घड्याळ मंद त्याच्याकडेच माल अधिक पोचत होता.

पाइपलाइनींची कैफियत याहून गुंतागुंतीची आहे. जीफोर्स दर ठोक्यास 8 पिक्सेल काढते असे प्रथम सांगण्यात आले. परीक्षकांनी बारकाईने मोजणी केली तेव्हा असे दिसून आले, की केवळ खोलीची नोंद ठेवण्याच्या कामात ते 8 चा आकडा गाठते, रंगीत पिक्सेल मात्र 4 च, प्रत्येकावर दोन टेक्श्चर. म्हणजे जीफोर्सचे 200 कोटी पिक्सेल, रेडिऑनचे 260 कोटी. आणि टेक्श्चर मोजले तर उलट, जीफोर्सचे 400 कोटी, रेडिऑनचे 260 कोटीच. एकाच कोष्टकात दोन रकाने दोन वेगवेगळे विजेते दाखवीत होते, आणि दोन्ही आकडे खरे होते. हा प्रकार त्या काळापुरता नव्हे. 2020 साली आलेल्या एनव्हिडियाच्या आरटीएक्स 3070 कार्डाचे सैद्धांतिक बळ 20.3 टेराफ्लॉप्स आणि त्याच घराण्यातील जुन्या 2080 टीआयचे 13.4, तरीही खेळांत दोघे जवळजवळ बरोबरीने चालले, कारण नव्या चिपमधील दशांश गणिताच्या अर्ध्या घटकांना पूर्णांक गणिताचे कामही वाटून घ्यावे लागत होते आणि तिची मेमरीची वाटही अधिक अरुंद होती.

2003 च्या त्या सामन्याचा खरा निर्णय मात्र कोष्टकात ज्यास रकानाच नव्हता अशा एका गोष्टीने झाला. मायक्रोसॉफ्टच्या डायरेक्टएक्स 9 ने प्रत्येक पिक्सेलमागे छोटे गणिती कार्यक्रम चालवण्याची सोय केली आणि त्यांतील पूर्ण अचूकतेच्या गणितासाठी किमान 24 बिटांची अट घातली. रेडिऑन नेमके 24 बिटांत हिशेब करी. जीफोर्सजवळ 16 आणि 32 असे दोनच पर्याय. 16 नियमास अपुरे, आणि 32 घेतले तर चिपच्या आतील तात्पुरती टाचणे ठेवण्याच्या जागा इतक्या लवकर भरून जात, की 500 मेगाहर्ट्झचे घड्याळ वाट पाहत ठोके मोजत राही. याच घराण्यांतील पुढच्या कार्डांची तुलना करताना 2003 च्या सप्टेंबरात वाल्व्ह कंपनीचे गेब न्यूएल यांनी जाहीर केले, की हाफ-लाइफ 2 हा खेळ जीफोर्सवर नीट चालावा म्हणून कमी अचूकतेचा जो स्वतंत्र मार्ग लिहावा लागला, त्यास सर्वसाधारण मार्गाच्या पाचपट वेळ लागला.

त्याआधी मे महिन्यात फ्यूचरमार्क या संस्थेने आपल्या 3डीमार्क 03 चाचणीची तपासणी करून एनव्हिडियाच्या ड्रायव्हरने ती चाचणी ओळखून काम वाचवल्याचा ठपका ठेवला होता. ते मार्ग बंद करताच 5800 अल्ट्राचा वारस असलेल्या 5900 अल्ट्राचे गुण सुमारे 24 टक्क्यांनी उतरले. एटीआयचेही सुमारे 2 टक्के उतरले, हे न्यायाने नमूद केले पाहिजे; आणि जून महिन्यात फ्यूचरमार्क आणि एनव्हिडिया यांनी मिळून सौम्य भाषेचे संयुक्त निवेदन काढले, हेही. तरीपण माझ्या मते या प्रकरणाचे दायित्व एकट्या ड्रायव्हर लिहिणारांवर टाकणे अन्यायाचे होईल. ज्या बाजारात गिऱ्हाईक, दुकानदार आणि परीक्षक हे तिघेही एका आकड्यावरून माल पारखतात, तेथे तो आकडा वाढवण्याची सक्ती कारागिरावर होतेच. 5800 अल्ट्रावर बसवलेला, दोन खाचांची जागा अडवणारा आणि कर्कश आवाज करणारा पंखाही याच सक्तीचे फलित होता. रेडिऑनपेक्षा सहा-सात महिने उशिराने येणाऱ्या कार्डास 500 हा आकडा पदरी असल्याखेरीज उभे राहणेच शक्य नव्हते.

नवीन पद्धतीने चिप घडवण्यातील अडचणींमुळे हे कार्ड दुकानांत पोचेपर्यंत 2003 उजाडले, आणि मे महिन्यात एनव्हिडियाने स्वतःच त्याचा वारस आणला. त्या 5900 अल्ट्राचे घड्याळ 500 वरून 450 मेगाहर्ट्झवर आणले होते, मेमरीचा वेग 1000 वरून 850 वर उतरवला होता, आणि वाट 256 बिटांची केली होती, सेकंदाला 27.2 गिगाबाइट.