रस्ता की अंगण? डच मुलांच्या एका मागणीचा इतिहास

१/
१९७२ साली नेदरलँड्सच्या दूरचित्रवाणीवर एक माहितीपट दाखवला गेला. ॲमस्टरडॅममधील 'दे पैप' या दाट कामगारवस्तीतील शाळकरी मुले त्यात दिसतात. एकोणिसाव्या शतकातील अरुंद गल्ल्या, दोन्ही कडांना उभ्या गाड्या आणि उरलेल्या पट्ट्यातून धावणारी वाहने. खेळायला जागा नाही. मुले दारोदार फिरून सह्या गोळा करतात आणि एके दिवशी गल्लीच अडवून खेळू लागतात. संतापलेले वाहनचालक अडथळे हटवू पाहतात आणि रहिवाशांशी त्यांची झटापट होते.

२/
मुलांची मागणी साधी होती: आमची गल्ली गाड्यांना बंद करा. एवढीशी मागणी महानगराच्या कारभाऱ्यांना जड का जावी? आणि अवघ्या चार वर्षांत तशाच मागणीला देशाच्या कायद्यात स्थान कसे मिळाले? या धाग्यात त्याचीच हकीकत आहे.

३/
आधी पार्श्वभूमी. दुसऱ्या महायुद्धानंतर डच कुटुंबांच्या हाती पैसा आला आणि दारी मोटार आली. सतराव्या शतकात आखलेल्या शहरात ती मावेना. १९५४ मध्ये ॲमस्टरडॅमचे पोलीसप्रमुख कासयाखर यांनी काही कालवे बुजवून रस्ते करण्याची सूचना केली. तीव्र विरोधामुळे ती बारगळली. १९६७ मध्ये अमेरिकी अभियंता डेव्हिड योकिनेन याने सिंगलग्राख्त कालवा बुजवून तेथे सहापदरी मार्ग नेण्याची योजना मांडली. तिच्यात 'दे पैप'चा मोठा भाग जमीनदोस्त होणार होता. मुले जेथे खेळायला जागा मागत होती, ती वस्तीच नकाशावरून पुसण्याचा विचार पाच वर्षांपूर्वी गांभीर्याने मांडला गेला होता.

४/
डच नगराचा कारभार कसा चाले? लोक नगरपरिषदेचे सदस्य निवडत; ॲमस्टरडॅममध्ये ते ४५ होते. परिषद आपल्यातून कार्यकारी सदस्य निवडी आणि त्यांच्याकडे वाहतूक, गृहनिर्माण अशी खाती असत. महापौराची नेमणूक मात्र राजसत्तेकडून होई. गल्लीतील अर्ज खात्याच्या टेबलावर पोहोचला की त्याची पारख अभियंत्यांच्या मापाने होई, आणि ते माप होते वाहनांचा प्रवाह. रस्ता अडथळ्याविना वाहता ठेवणे हेच त्यांचे काम मानले जाई. त्या हिशेबात लंगडी खेळणारी मुलगी कोठेच बसत नव्हती.

५/
परिषदेच्या आत हा हिशेब बदलण्याचा प्रयत्न आधीच झाला होता. 'प्रोव्हो' या तरुणांच्या बंडखोर गटाने १९६५ मध्ये पांढऱ्या सायकलींची योजना जाहीर केली. कुलूप नसलेल्या या सायकली कोणीही घ्याव्यात आणि काम झाले की सोडून द्याव्यात, अशी ती कल्पना. पोलिसांनी त्या जप्त केल्या, कारण कुलूप न लावता सायकल ठेवणे नियमबाह्य होते. १९६६ च्या निवडणुकीत प्रोव्होला एक जागा मिळाली. पुढे त्या जागेवर आलेल्या लुट स्खिमेलपेनिंक यांनी ही योजना परिषदेपुढे रीतसर मांडली. परिषदेने ती फेटाळली.

६/
मग आकडे बोलू लागले. १९७१ मध्ये नेदरलँड्सच्या रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसे मृत्यू पावली. त्यांत ४०० पेक्षा अधिक मुले होती. म्हणजे दिवसाला एकाहून अधिक मूल. कोणी शाळेला निघालेले, कोणी चेंडूमागे धावलेले. देशाची लोकसंख्या तेव्हा सव्वा कोटीच्या थोडी वर होती.

७/
या मुलांपैकी एक होती पत्रकार फिक लांगेनहोफ यांची मुलगी. १९७२ मध्ये त्यांनी 'दे टाइट' या दैनिकात लेख लिहिला. मथळा होता 'स्टॉप दे किंडरमोर्द', म्हणजे 'बालहत्या थांबवा'. मथळ्यात 'अपघात' हा शब्द नव्हता. अपघात म्हटले की तो दैवाचा भाग होतो. हत्या म्हटले की कोणाला तरी उत्तर द्यावे लागते. त्याच नावाची संघटना उभी राहिली. तिच्या पहिल्या अध्यक्षा मार्त्ये फान पुत्तेन तेव्हा विशीतील तरुणी होत्या. पुढे त्या युरोपीय संसदेच्या सदस्य झाल्या.

८/
संघटनेची रीत लक्षणीय होती. धोक्याच्या ठिकाणी रस्ता रोखायचा, सायकल मोर्चे काढायचे, एखादी गल्ली दिवसभर बंद करून मुलांना खेळू द्यायचे. त्याच वेळी रस्त्याची नवी आखणी कागदावर मांडून प्रशासनाला द्यायची. कालांतराने सरकारने या संघटनेला अनुदान दिले. काल दाराशी घोषणा देणारे लोक आज सल्ला देऊ लागले. पंतप्रधान योप डेन औल यांच्या घरासमोर जाऊन कार्यकर्त्यांनी सुरक्षित रस्त्यांसाठी गाणी म्हटली, तेव्हा त्यांनी बाहेर येऊन ऐकून घेतले.

९/
मागणीला नेमका आकार मात्र डेल्फ्टमध्ये मिळाला. या छोट्या विद्यापीठनगरीच्या पालिकेत योस्ट व्हाल हा अभियंता काम करी. गाडीचा वेग फलकाने कमी होत नाही, रस्त्याच्या रूपाने होतो, असे त्याचे म्हणणे. म्हणून १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून तेथे गतिरोधक, मुद्दाम दिलेली वळणे, झाडे आणि कुंड्या यांचे प्रयोग सुरू झाले. पदपथ आणि रस्ता यांच्यातील कठडा काढून सारी फरसबंदी एका पातळीवर आणली गेली.

१०/
या रचनेला नाव मिळाले 'वून-एर्फ'. 'वून' म्हणजे राहणे आणि 'एर्फ' म्हणजे घराभोवतीची मोकळी जागा. मराठीत 'वस्तीचे अंगण' म्हटले तर अर्थ चपखल बसतो. हा शब्द नगररचनाकार निक डे बूर यांच्या नावे नोंदला जातो. अंगणात पाहुणा येतो तो दबकत येतो. गाडीनेही तसेच यावे, ही अपेक्षा त्या शब्दातच होती.

११/
१९७६ मध्ये वून-एर्फला कायद्याची मान्यता मिळाली. त्या हद्दीत पादचाऱ्याला रस्त्याची पूर्ण रुंदी वापरता येई, मुलांना रस्त्यावर खेळता येई, वाहनाला चालत्या माणसाच्या गतीनेच जावे लागे आणि गाडी ठरलेल्या जागीच उभी करता येई. 'दे पैप'च्या मुलांनी जे मागितले होते, त्याच्या फार जवळ हा नियम पोहोचला होता.

१२/
हे साधण्यास काळही अनुकूल ठरला. १९७३ च्या तेलसंकटात नोव्हेंबरपासून काही रविवारी खाजगी मोटारींना बंदी होती. महामार्गांवर लोक सायकली आणि चाकांचे बूट घेऊन उतरले. मोटारीविना शहर कसे दिसते, हे साऱ्या देशाने डोळ्यांनी पाहिले. १९७५ पासून केंद्र सरकारच्या पैशातून द हेग आणि टिलबर्ग येथे नमुन्यादाखल सायकलमार्ग बांधले जाऊ लागले.

१३/
तरीही ही कथा निव्वळ विजयाची नाही. द हेगमध्ये गाड्या उभ्या करण्याची जागा गेल्याने दुकानदार संतापले. गिऱ्हाईक तुटेल ही त्यांची भीती त्यांच्यापुरती खरी होती. शिवाय वून-एर्फ महाग होता: साऱ्या गल्लीची फरसबंदी उखडायची, झाडे लावायची, नवी आखणी करायची. सर्व वस्त्यांना तो देणे कोणत्याही पालिकेला परवडणारे नव्हते. म्हणून १९८० च्या दशकात ताशी ३० किलोमीटर मर्यादेचे विभाग आले. ते कमी खर्चिक होते आणि फार मोठ्या भागावर पसरू शकले.

१४/
ॲमस्टरडॅमला वळण घेण्यास वेळ लागला. १९७० च्या दशकात हजारो सायकलस्वार मोर्चांत उतरले. १९७५ मध्ये सायकलस्वारांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. १९७८ च्या निवडणुकीनंतर मिखाएल फान देर फ्लिस यांच्याकडे वाहतूक खाते आले आणि नगराचे अधिकृत धोरण सायकलीच्या बाजूने झुकले. अर्ज तेच होते. ते वाचणाऱ्याचे माप बदलले होते.

१५/
परिणाम? पुढील चार दशकांत देशातील रस्त्यांवरील बालमृत्यू शेकड्यांवरून विशीच्या आसपास आले. याचे सारे श्रेय गल्ल्यांच्या आखणीला देणे इतिहासाला धरून होणार नाही. १९७४ मध्ये मद्यपी चालकांसाठी रक्तातील मद्याची मर्यादा ठरली. १९७५ मध्ये पुढच्या आसनांवर पट्टा आणि मोपेडस्वारांना शिरस्त्राण सक्तीचे झाले. वैद्यकीय उपचारही सुधारले. कारणे अनेक होती, आणि गल्लीची आखणी त्यांपैकी एक महत्त्वाचे कारण होती.

१६/
आज डच शहरांची छायाचित्रे पाहून अनेकांना वाटते की तेथील लोक मुळातच सायकलप्रेमी आणि तेथील कारभारी मुळातच सुज्ञ. कागदपत्रे निराळे सांगतात. याच कारभाऱ्यांपुढे कालवे बुजवण्याचे नकाशे होते आणि पांढऱ्या सायकलींचा प्रस्ताव त्यांनीच नाकारला होता. एका बापाने योग्य शब्द निवडला, एका तरुणीने संघटना चालवली, एका अभियंत्याने नोकरीत राहून प्रयोग केला. आणि या सर्वांच्या भोवती सह्यांचे कागद घेऊन दारोदार फिरणारी काही मुले होती, ज्यांना मतदानाचा अधिकारही नव्हता.

(समाप्त)