दुष्फेन पाणी : त्वचा व केसांवरील परिणाम

कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार जास्त प्रमाणात विरघळलेले असल्याने ज्यात साबणाचा फेस सहज होत नाही, ते दुष्फेन पाणी. बोलण्यात त्याला ‘जड पाणी’ किंवा नुसते ‘बोअरचे पाणी’ म्हणतात. तुरीची डाळ लवकर न शिजणे, नळाच्या तोटीवर व बादलीच्या काठाला पांढरा थर धरणे, गिझरच्या कॉइलवर क्षार साचणे ही त्याची घरातली लक्षणे. दुष्फेनता कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात मोजतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार (आयएस 10500 : 2012) लिटरमागे 200 मिलिग्रॅमपर्यंतची दुष्फेनता स्वीकारार्ह आहे, दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालते.

तलाव-धरणांचे पाणी बहुधा सुफेन असते. तानसा, वैतरणा, भातसा यांवर वाढलेल्या मुंबईकराला किंवा खडकवासल्याच्या पाण्याची सवय असलेल्या पुणेकराला दुष्फेन पाणी भेटते ते बहुधा बोअर आणि टँकरवर चालणाऱ्या नव्या सोसायटीत. दख्खनच्या बेसाल्टमधून झिरपताना भूजलात हे क्षार उतरतात.

त्रासाचे मूळ पाण्यापेक्षा पाणी व साबण यांच्या संयोगात आहे. साबण म्हणजे मेदाम्लांचे सोडियम क्षार. त्यांची कॅल्शियमशी गाठ पडली की पाण्यात न विरघळणारा चिकट, राखाडी साका तयार होतो. तो अंगावर व केसांवर राहतो. फेस येत नाही म्हणून माणूस आणखी साबण लावतो, आणि साका आणखी वाढतो. निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो, तर साबण अल्कधर्मी. त्यामुळे मागे राहिलेला साबण त्वचेचे संरक्षक आवरण दुबळे करतो. शेफील्ड विद्यापीठ व किंग्ज कॉलेज लंडन येथील संशोधकांनी 2018 मध्ये हेच दाखवले. दुष्फेन पाण्याने धुतल्यावर सोडियम लॉरिल सल्फेट हा फेसकारक पदार्थ त्वचेवर जास्त उरतो, त्वचेतला ओलावा जास्त उडून जातो आणि दाह होतो. फिलॅग्रिन या प्रथिनाच्या जनुकात दोष असलेल्यांना हा त्रास अधिक होतो.

इसबाशी असलेला संबंध मात्र सरळ नाही. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील अभ्यासात तीन महिन्यांच्या 1303 बाळांची पाहणी झाली; दुष्फेन पाण्याच्या भागांत इसब असलेली बाळे जास्त आढळली. त्यावरून घरोघर पाणी सुफेन करणारा सॉफ्टनर बसवला की इसब जाईल असे वाटेल. पण 2011 च्या चाचणीत इसब असलेल्या 336 मुलांपैकी काहींच्या घरी आयन-विनिमय सॉफ्टनर 12 आठवडे चालवूनही नेहमीच्या उपचारांपलीकडे फायदा दिसला नाही. सॉफ्टनरच्या जाहिरातींत पहिला अभ्यास सापडेल, दुसरा सापडणे कठीण.

केसांबाबत गैरसमज जास्त आहेत. केसाच्या पृष्ठभागावरील ऋण भाराकडे कॅल्शियम ओढला जातो. ब्लीच केलेले वा रंगवलेले केस तो अधिक धरतात. त्यामुळे केस राठ व निस्तेज होतात, गुंततात, विंचरताना तुटतात. केस खरोखर कमकुवत होतो का, याविषयी निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत : कोइमतूरच्या 2013 मधील अभ्यासात ताणशक्तीत लक्षणीय फरक आढळला नाही, पेशावरच्या 2018 मधील अभ्यासात ती घटलेली दिसली. दोन्ही अभ्यास कापून घेतलेल्या केसांवरचे. मुळाबद्दल ते काही सांगत नाहीत. तुटणे वेगळे, गळणे वेगळे. मुळासकट आलेल्या केसाच्या टोकाला पांढुरकी गाठ असते. ती दिसत असेल तर पाण्याला दोष देण्याआधी हिमोग्लोबिन व थायरॉइड तपासून घ्यावे, अलीकडचे तापाचे आजारपण वा बाळंतपणही लक्षात घ्यावे.

बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात डिसेंबर 2024 ते जानेवारी 2025 या काळात अनेक गावांतल्या लोकांचे केस काही दिवसांतच झडून टक्कल पडू लागले, तेव्हा संशय प्रथम पाण्यावरच गेला. शेजारी पूर्णा खोऱ्याचा खारपाणपट्टा असल्याने तो पटण्याजोगाही होता. पुढे वैद्यकीय संशोधक डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी स्वतःच्या तपासणीवरून रेशनच्या गव्हातील अतिरिक्त सेलेनियमकडे बोट दाखवले.

दुष्फेनतेखेरीज पाण्यातले इतर घटकही खुणा सोडतात. तांब्यामुळे फिकट केसांना हिरवट झाक येते. पोहण्याच्या तलावातील क्लोरीनला त्याचा दोष उगाच मिळतो. पश्चिम बंगालमधील आर्सेनिकयुक्त भूजलाने त्वचेवर काळे ठिपके पडतात, तळहात-तळपायांवर घट्टे येतात. हा प्रकार सौंदर्याचा नव्हे, विषबाधेचा आहे.

उपायांत उकळणे अर्धेच कामाचे : बायकार्बोनेटमुळे आलेली तात्पुरती दुष्फेनता जाते, सल्फेट व क्लोराइडमुळे आलेली कायम राहते. शिवाय अंघोळीचे पाणी रोज उकळणार कोण? साबण कमी वापरणे, साबणाऐवजी सौम्य संश्लेषित बार घेणे, शेवटचे दोन तांबे पिण्याच्या किंवा पावसाच्या पाण्याचे घेणे आणि अंग ओलसर असतानाच खोबरेल वा मलम लावणे हे सोपे. शिकेकाई व रिठ्यातील सॅपोनिने कॅल्शियमशी साका करत नाहीत, म्हणून जड पाण्यातही ती चालतात. नळाला लावायचे छोटे फिल्टर क्लोरीन कमी करू शकतात, पण दुष्फेनता हटवण्याइतके माध्यम त्यांच्यात मावत नाही. सॉफ्टनर कॅल्शियम काढून त्याजागी सोडियम सोडतो. त्यामुळे पाणी सुफेन झाले तरी एकूण विरघळलेले क्षार दाखवणाऱ्या टीडीएस मीटरवरचा आकडा फारसा उतरत नाही. दुष्फेनता जाणून घ्यायची तर तिची वेगळी चाचणी पट्टी किंवा प्रयोगशाळेचा अहवाल लागतो.