मैलापाण्याच्या कारखान्यांतील माणूस

शहराचा मैला भुयारी गटारांत पडला कीं नागरिकाची त्याविषयींची जबाबदारी संपली, अशी पुष्कळांची समजूत असते. परंतु गटार घाणीचा नाश करीत नाहीं. तें तिला केवळ दृष्टीआड नेऊन टाकतें. १८५८ सालच्या उन्हाळ्यांत लंडनच्या थेम्स नदीला अशी असह्य दुर्गंधि सुटली कीं, कांठावरील पार्लमेंटच्या सभासदांना कामकाज चालविणें कठीण झालें. पुढें जोसेफ बॅझलगेट या इंजिनियरानें प्रचंड भुयारी गटारें बांधून ती सर्व घाण शहराच्या खालच्या अंगाला नेली. शहर सुटलें; नदी मात्र सुटली नाहीं.

नदींत सोडावयाचें पाणी किती शुद्ध असावें, हें ठरविण्यास मोजमाप हवें होतें. १८९८ सालीं ब्रिटिश सरकारनें नेमलेल्या रॉयल कमिशननें आपल्या १९१२ सालच्या आठव्या अहवालांत तें दिलें. नदीच्या पाण्यानें निदान आठपट पातळ होणाऱ्या मैलापाण्यांत, दर दहा लक्ष भागांस तरंगता गाळ ३० भागांहून अधिक नसावा व पांच दिवसांत त्यानें शोषलेला प्राणवायु २० भागांहून अधिक नसावा, असा तो दंडक होता. आतां प्रश्न उरला तो हें मोजमाप दररोज पाळणार कोण, हा.

दोनच वर्षांनीं, १९१४ च्या एप्रिल महिन्यांत, मँचेस्टर येथें आर्डर्न व लॉकेट या रसायनशास्त्रज्ञांनीं आपला प्रसिद्ध निबंध वाचला. मैलापाण्यांत हवा खेळविल्यावर तळाशीं जो गाळ बसतो, तो फेंकून न देतां त्यांनीं पुढच्या पाण्यांत पुनः पुनः मिसळला. जुन्या विरजणानें नवें दूध लागावें तशी कांहींशी ही युक्ति होती. त्या गाळांत असंख्य सूक्ष्म जंतु वाढलेले असतात. हवा मिळाली कीं ते घाण खाऊन टाकतात. पूर्वीं जें शुद्धीकरण होण्यास आठवडे लागत, तें आतां कांहीं तासांत होऊं लागलें. या संशोधनास प्रेरणा देणारे गिल्बर्ट फाउलर १९१६ सालीं बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्यें आले, व या विद्येचा भारताशीं प्रत्यक्ष संबंध जडला.

परंतु विरजण म्हटलें कीं त्याची निगाही आलीच. हवा कमी पडली तर जंतु गुदमरतात आणि कारखाना कुजूं लागतो. एखाद्या गिरणीनें विषारी पाणी सोडलें तर एका रात्रींत सारा गाळ मरून जातो. कधीं तंतुमय जंतूंचें प्राबल्य होऊन गाळ फुगतो व तळाशीं बसेनासा होतो. म्हणून चालकानें एक लिटरच्या कांचेच्या नळींत पाणी घेऊन तीस मिनिटांत गाळ किती बसला तें पाहावें, प्राणवायु मोजावा, गाळ किती परत फिरवावा व किती काढून टाकावा तें ठरवावें, अशी रीत पडली. शिवाय हायड्रोजन सल्फाइड हा वायु प्रारंभीं सडक्या अंड्यासारखा वास देतो. पण त्याचें प्रमाण फार वाढलें कीं नाकच बधिर होतें. ज्याला हें ठाऊक नाहीं, तो विहिरींत उतरतो आणि परत येत नाहीं. कारखाना बांधणाऱ्या इंजिनियराइतकेंच त्याला चालविणाऱ्याचें ज्ञान महत्त्वाचें आहे, हें असें हळूहळू पटूं लागलें.

इंग्लंडमध्यें १९०१ सालींच अशा कारखान्यांच्या व्यवस्थापकांनीं आपली संघटना स्थापन केली होती. अमेरिकेंत न्यू जर्सी संस्थानानें १९१८ सालीं पाणीपुरवठ्याच्या व मैलाशुद्धीच्या चालकांना कायद्यानें परवाना आवश्यक केला. न्हाव्यापासून वैद्यापर्यंत अनेकांना परवाना लागूं लागला असतां, ज्याच्या हातीं साऱ्या गांवाचें आरोग्य आहे त्यालाच तेवढा तो कां नसावा, हा विचार त्यामागें होता. परंतु परवाना मागणें सोपें, शिकविणें अवघड. आडगांवच्या कारखान्यावर एकटा राबणारा माणूस कॉलेजांत कसा जाणार?

१९७२ सालीं अमेरिकेनें नद्यांच्या शुद्धतेचा कडक कायदा केला. नवे कारखाने उभे राहूं लागले आणि शिकलेल्या माणसांचा तुटवडा तीव्रतेनें जाणवला. त्याच सुमारास सॅक्रामेंटो येथील विद्यापीठांतील केनेथ केरी या प्राध्यापकांनीं टपालानें शिकण्याचा अभ्यासक्रम उभा केला. अनुभवी चालकांकडून धडे लिहवून घेऊन ते सोप्या भाषेंत छापले गेले. रात्रपाळी करणारा माणूस घरीं बसून ते वाचूं लागला आणि परीक्षेची तयारी करूं लागला.

तथापि कागद आणि ज्ञान यांत केवढें अंतर पडूं शकतें, हें कॅनडांतील वॉकरटन या लहानशा गांवानें २००० सालच्या मे महिन्यांत पाहिलें. तें प्रकरण पिण्याच्या पाण्याचें होतें. पण धडा दोहोंना सारखाच लागू आहे. मुसळधार पावसानंतर शेतांतील शेणखताची घाण विहिरींत उतरली, पुरेसें क्लोरिन घातलेलें नव्हतें, आणि सात माणसें मरण पावलीं. सुमारें तेवीसशें आजारी पडलीं. चौकशींत असें दिसून आलें कीं, तेथील प्रमुख चालकांना परीक्षा न देतां, केवळ पूर्वीच्या नोकरीच्या जोरावर परवाने मिळाले होते. क्लोरिनचें प्रमाण न मोजतांच नोंदवहींत आंकडे भरण्याची तेथें वर्षानुवर्षांची संवय होती. त्यानंतर त्या प्रांतानें शिक्षणाचे व परीक्षेचे नियम कडक केले.

भारतांत नगरविकास खात्यानें २०१३ सालीं प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक ग्रंथांत कारखाना चालविणें व त्याची निगा राखणें यांना स्वतंत्र भाग दिला आहे. बांधणीचें उद्घाटन एकदांच होतें. चालविणें मात्र रोजचें असतें. पहांटे कांचेची नळी हातीं धरून गाळ बसण्याची वाट पाहणारा तो माणूस जें खरें दिसलें तेंच वहींत लिहितो कीं नाहीं, यावर खालच्या गांवाचें पाणी अवलंबून असतें. परीक्षेनें त्याला काय पाहावें तें कळतें. तें दररोज पाहण्याची प्रामाणिक वृत्ति मात्र त्याची त्यालाच जोपासावी लागते, आणि ती जोपासण्याइतका मान त्याला देणें हें नगराचें काम आहे.