वांझ म्हटलेले उतारे

धनुर्वाताचे विष पचविलेल्या प्राण्याच्या रक्तजलात ते विष निष्प्रभ करणारे द्रव्य असते, हे बेहरिंग व किटासाटो यांनी १८९० साली बर्लिनमध्ये दाखविले. त्या द्रव्याला आपण आज प्रतिपिंड म्हणतो. पुढे कळले की प्रतिपिंडांतही वर्ग आहेत. रोग येताच प्रथम ‘एम’ वर्गाचे येतात. मागाहून तीच पेशी, शत्रूला भिडणारे पाते तेच ठेवून, मूठ तेवढी बदलते आणि ‘जी’, ‘ए’ किंवा ‘ई’ वर्गाचे प्रतिपिंड घडवू लागते. कोणती मूठ घ्यावी, हे ठरते कसे?

जपानमधील होन्जो व काताओका यांनी १९७८ साली सुचविले की पेशी जनुकांमधला तुकडा कापून टाकते आणि टोके सांधते. स्वतःच्याच वंशलेखाला कात्री! पण ती चालवायची कोठे? वंशलेख प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो. त्या गुंडाळीला क्रोमॅटिन म्हणतात. ज्यांनी पुण्यात पेशवे दप्तरातील रुमाल पाहिले आहेत त्यांना सांगायला नको, की रुमाल सोडल्याविना कागद हाती लागत नाही. १९८०नंतरच्या दशकात दिसून आले की, वर्ग बदलण्यापूर्वी नेमक्या त्याच वर्गाच्या जनुकाचा रुमाल सुटतो व त्याचे आरएनएमध्ये उतारे निघू लागतात. त्यांपासून प्रथिन बनत नाही, म्हणून त्यांना ‘वांझ’ म्हटले गेले. आमच्या मते हे नाव घाईचे झाले. उंदरांत शेजारच्या पेशींकडून इंटरल्यूकिन-४चा निरोप आला तर ‘ई’चे उतारे निघतात, टीजीएफ-बीटाचा आला तर ‘ए’चे, आणि वर्गही तोच होतो.

कात्री १९९९ साली होन्जोंच्याच क्योटोतील प्रयोगशाळेत सापडली: एआयडी नावाचे विकर. उतारा काढताना डीएनएचे दोन धागे विलग होतात, आणि एआयडीला असा उघडा धागाच लागतो. त्यातील सायटोसीनचे ते युरॅसिल करते. चुकीचे अक्षर काढण्याच्या खटाटोपात धागा तुटतो. म्हणजे उतारा निघेल तेथेच कात्री!

हे विकर जन्मतः सदोष असलेले रुग्ण २००० साली वर्णिले गेले. त्यांच्या रक्तात ‘एम’ भरपूर, ‘जी’ व ‘ए’ जवळजवळ नाहीत, आणि जंतुसंसर्ग पाठ सोडत नाहीत.

कात्री भलतीकडे चालली तर? बर्किटच्या अर्बुदात मिक हे पेशीवाढीचे जनुक प्रतिपिंडाच्या जनुकाशी सांधलेले १९८२ साली आढळले होते. उंदरांत असा सांधा होण्यास एआयडी लागते, हे २००४ साली सिद्ध झाले. मिकचेही उतारे त्या पेशींत निघत असतात.