पट आणि हजेरी

शाळेचा इतिहास सांगावयाचा म्हणजे इमारत कोणी बांधली आणि हेडमास्तर कोण होते हे सांगावयाचे, अशी आपल्याकडे रीत पडली आहे. आमच्या मते प्राथमिक शाळेचा खरा इतिहास तिच्या दाखल-खारीज रजिस्टरात असतो. कोणाचे मूल आले, कोणत्या साली आले आणि कितव्या इयत्तेतून त्याचे नाव कमी झाले, हे तेथे मुकाट्याने नोंदलेले असते. (आज ते रजिस्टर जातीच्या दाखल्यापुरतेच उघडले जाते, ही गोष्ट वेगळी.)

वऱ्हाड प्रांत १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात गेला. पुढे सरकारी शाळा निघाल्या; पण शाळा निघणे निराळे आणि कुणब्याचे, महाराचे मूल तिच्यात बसणे निराळे. शेतकऱ्याच्या करावर वरच्या वर्गाचे शिक्षण चालते, हे जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे मांडले, तेव्हा त्यांनी बारा वर्षांपर्यंतच्या सक्तीच्या शिक्षणाची मागणी केली होती. वऱ्हाडालाही ते तंतोतंत लागू होते.

पापळच्या शाळेत वर्ग तिसरीपर्यंतच. म्हणून पंजाबराव देशमुखांना चौथीसाठी चांदूर रेल्वेला जावे लागले. हेच पंजाबराव १९२८ साली अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले. त्यांनी सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांस खुल्या केल्या, आणि कर वाढवून सक्तीच्या प्राथमिक शिक्षणास हात घातला. कर वाढविणारा पुढारी लोकांस क्वचितच आवडतो!

आता वरूडकडे पाहू. येथली हजेरी कॅलेंडरावर चालत नाही, पिकावर चालते. दिवाळीच्या सुमारास कापसाची वेचणी सुरू होते. त्याच दिवसांत आंबिया बहाराची संत्री तोडीला येतात, आणि ती आटोपतात तोच मृग बहार. मजुराचे मूल अशा वेळी एक तर बागेत असते, नाही तर घरी धाकट्या भावंडास सांभाळते. पटावर त्याचे नाव असते. वर्गात ते नसते.

सरकार मात्र पट मोजते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने पहिली ते पाचवीस साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, नव्वदपर्यंत तीन, असे कोष्टक ठरविले. तिसांस एक हा हिशेब ऐकावयास गोड आहे. पण चाळीस पटाच्या खेड्यात दोन गुरुजींनी पाच इयत्ता शिकवाव्या लागतात, म्हणजे वर्ग लहान असूनही गुरुजी एका इयत्तेस पुरे मिळतच नाहीत. शिक्षक पटावर मिळतात म्हटल्यावर पट फुगविण्याचा मोहही होतो. ऑक्टोबर २०११ मधील पटपडताळणीत राज्यभर खोटी नावे उघडकीस आली ती यामुळेच.

२०२३ मध्ये वीसच्या आतल्या पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा करण्याचा विचार सरकारने पुढे आणला. मोठ्या शाळेत इयत्तेगणिक शिक्षक मिळेल, हे आम्ही नाकारीत नाही. पण सातपुड्याच्या पायथ्याच्या वस्तीवरून ती शाळा दूर पडली, तर पहिल्यांदा घरी कोण राहणार? पंजाबरावांना चौथीसाठी गाव सोडावे लागले. तोडीला जाणाऱ्याच्या मुलीला ते पहिलीसाठीच सोडावे लागेल.