स्थानबद्धांच्या सहधर्मचारिणी

१० जून १९४० रोजी मुसोलिनीने ब्रिटन व फ्रान्स यांच्याविरुद्ध युद्ध पुकारले आणि त्याच रात्रीपासून ब्रिटनमधील इटालियन कुटुंबांच्या दारांवर पोलिसांची थाप पडू लागली. सोळा ते सत्तर वर्षे वयाचे आणि वीस वर्षांहून कमी काळ त्या देशात राहिलेले इटालियन पुरुष सरसकट ताब्यात घ्यावेत, असा हुकूम होता. एडिंबरो व लीथ येथे जमावाने त्यांच्या दुकानांच्या काचा फोडल्या. पुरुष पकडले गेले; काचा वेचण्यास मागे राहिल्या त्या स्त्रिया. या स्थानबद्धतेचा इतिहास प्रायः छावण्यांचा आणि एका बुडालेल्या जहाजाचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. वस्तुतः तो तितकाच विवाहसंस्थेचाही इतिहास आहे.

तत्कालीन ब्रिटिश कायद्यातील विवाहविषयक तत्त्व ध्यानात घेतल्याखेरीज या वियोगाचे मर्म कळत नाही. १९१४ च्या कायद्यान्वये पत्नीचे राष्ट्रीयत्व पतीच्या राष्ट्रीयत्वामागून जाई. ग्लासगोत वा कार्डिफमध्ये जन्मलेली, इटली कधी न पाहिलेली स्त्रीदेखील इटालियन पुरुषाशी विवाह करताच परकीय होई. १० जूननंतर ती शत्रुदेशीय ठरली. तिला पोलिसांकडे नोंद करावी लागे. किनाऱ्यालगतच्या संरक्षित प्रदेशांतून तर अनेकींना घरदार सोडून अंतर्भागात जावे लागले. पती आणि पत्नी एक, हे सूत्र कायद्याने स्त्रीला परकीय ठरविण्यापुरते पाळले. पुरुषाला घरातून नेताना मात्र ते त्याला आठवले नाही.

ही विसंगती पुढेही सुटली नाही. १९४१ मध्ये मॅन बेटाच्या दक्षिण टोकास विवाहितांसाठी निराळी छावणी निघाली. परंतु तिचा लाभ, जिथे दोघेही स्थानबद्ध होते, अशा जोडप्यांना; आणि अशी जोडपी मुख्यत्वे जर्मन व ऑस्ट्रियन होती. इटालियनांच्या पत्नींना सहसा स्थानबद्ध केले नव्हते. तेव्हा त्यांचे मोकळे असणेच त्यांच्या सहवासाच्या आड आले. पतीच्या राष्ट्रात जिला तिच्या इच्छेविना सामावून घेतले, तिला पतीच्या छावणीत जागा नव्हती.

उरली ती पत्रे. स्थानबद्धाला आठवड्यातून दोन पत्रे, तीही विशिष्ट कागदावर, प्रत्येकी चोवीस ओळींची लिहिण्याची मुभा होती. मध्ये सेन्सॉरचा डोळा होताच. पतिपत्नींचे खाजगी बोलणे तिऱ्हाइताच्या देखत चालावे, तसा हा व्यवहार होता.

काहींच्या वाट्याला एवढेही आले नाही. १ जुलै १९४० रोजी लिव्हरपूलहून कॅनडाकडे निघालेले ‘अरँडोरा स्टार’ दुसऱ्याच दिवशी आयर्लंडच्या वायव्येस जर्मन पाणबुडीच्या माऱ्याने बुडाले. आठशेंहून अधिक माणसे मृत्यू पावली. त्यांत चारशेंहून अधिक इटालियन होते. त्यांतच होते डेचिओ आन्झानी: तीस वर्षे लंडनमध्ये राहिलेले, फासिझमचे उघड विरोधक, पत्नी आणि कन्या मागे ठेवून गेलेले. शिल्पकार एदुआर्दो पाओलोझी यांचे वडील व आजोबाही याच जहाजावर गेले. सोळा वर्षांचा एदुआर्दो स्वतः त्या वेळी एडिंबरोच्या तुरुंगात होता. जहाजावरील माणसांच्या याद्याच विश्वसनीय नव्हत्या. त्यामुळे आपण पत्नी आहोत की विधवा, हे अनेक स्त्रियांना दीर्घकाळ कळू शकले नाही.

मृतांची स्मारके पुढे झाली. ग्लासगोचे स्मारक-उद्यान २०११ मधील आहे. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात वेंडी उगोलिनी यांनी स्कॉटलंडमधील इटालियन कुटुंबांच्या मौखिक साक्षी एकत्र करून, पुरुषांच्या शोकांतिकेआड स्त्रियांचे अनुभव कसे झाकले गेले, हे दाखविले. हे झाकले जाणे स्वाभाविकच होते. छावणीला कुंपण असते, दप्तर असते, क्रमांक असतो. दुकान चालवीत पत्राची वाट पाहणाऱ्या स्त्रीचे दप्तर कोणी ठेवीत नाही. इतिहासकाराला साधनांच्या मागून जावे लागते, हे खरे. परंतु साधने कोणी निर्माण केली आणि कोणासाठी, हेही त्याने विचारले पाहिजे.

१९४८ च्या कायद्याने विवाहामुळे ब्रिटिश स्त्रीचे राष्ट्रीयत्व जाण्याची प्रथा संपुष्टात आणली. स्त्रीला स्वतःचा देश मिळाला. तथापि, जिने युद्धाची वर्षे जन्मभूमीतच परकीय म्हणून आणि सधवा असून एकाकी काढली, तिचा हिशेब त्या कायद्यात कोठेच नाही. तो अद्याप कुटुंबांच्या स्मृतींत विखुरलेला आहे आणि तेथूनच तो उचलावा लागेल.