पेटीतला कागद

धारानगरीच्या भोजराजाच्या नावावर 'समरांगणसूत्रधार' हा अकराव्या शतकातील वास्तुशास्त्राचा ग्रंथ आहे आणि त्यात एक संपूर्ण अध्याय यंत्रांना दिलेला आहे. पोटात पाऱ्याचे पात्र घेऊन आकाशात उडणारा लाकडी पक्षी, दारावर पहारा करणारा लाकडी द्वारपाल, अशी एकाहून एक अद्भुत वर्णने वाचताना कोणाही जिज्ञासूचे हात शिवशिवू लागतील. परंतु घडण कशी करावी हे विचारू जावे तो ग्रंथकार हात आखडतो. यंत्रांची जुळणी सांगितली नाही ती गुप्ततेसाठी, अज्ञानामुळे नव्हे, आणि एकदा उघड झालेली यंत्रे फळ देत नाहीत, असे तो निःसंकोचपणे लिहून ठेवतो. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत गणपतिशास्त्र्यांनी १९२४-२५ साली हा ग्रंथ छापला, तेव्हा अध्याय जगापुढे आला. जुळणी मात्र राजाबरोबरच गेली.

हे स्मरण होण्याचे कारण अगदी क्षुल्लक आहे. जुन्या ट्रंकेत मला एक घडी घातलेला, कडांना पिवळा पडलेला कागद सापडला. त्यावर एका लहानशा ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायरची आकृती छापलेली होती. पुठ्ठ्याच्या पेटीतून सुटे भाग येत, बरोबर हा कागद येई, आणि घरी बसून शाळकरी मुलगाही ध्वनिवर्धक जुळवू शके. त्या पेटीला सर्वजण 'किट' म्हणत. पेटीतील मोलाची वस्तू हा कागदच होता, असे माझे मत आहे.

थोडा मागचा इतिहास सांगितला पाहिजे. विजेने आवाज वाढविण्याची विद्या काचेच्या व्हॉल्व्हपासून सुरू झाली. ली डी फॉरेस्टने १९०६ साली ती नळी घडविली, आणि पुढे अर्धे शतक मोठ्या आवाजाला तापलेली तार, उच्च दाबाची वीज आणि बरेचसे वजन लागत असे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९४७ च्या डिसेंबरात बार्डीन आणि ब्रॅटन यांनी जर्मेनियमच्या तुकड्यावर तेच काम काचेवाचून व उष्णतेवाचून करून दाखविले. त्यानंतर दोन महिनेही लोटले नव्हते तोच, १९४८ च्या जानेवारीत, क्षयाने खंगलेले कुमार गंधर्व हवापालटासाठी देवासला येऊन राहिले. या दोन घटनांचा परस्परांशी काडीचा संबंध नव्हता. पण पाच-सहा वर्षांनी ते पुन्हा गाऊ लागले तेव्हा एक फुप्फुस जवळजवळ निकामी होते, आणि ज्या गाण्यात अर्धा स्वर श्वासाइतका हलका लागतो ते शेवटच्या रांगेपर्यंत न्यायला मायक्रोफोन नसता तर काय झाले असते, हा प्रश्न मला पडतो. जुन्या दरबारी गवयाला याची गरज नव्हती; त्याचा श्रोता दहा हातांवर बसलेला असे.

आपल्याकडे बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने साठीच्या दशकात जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर काढावयास आरंभ केला, आणि 'एसी १२८' हे नाव मालव्यातील हौशी मुलांच्याही तोंडी बसले. माझ्या काकांनी देवासला त्या काळी एक अ‍ॅम्प्लिफायर जुळविला होता. दोन एसी १२८, मध्ये एक छोटा ट्रान्सफॉर्मर, शेवटी दुसरा. जर्मेनियमचा दोष असा, की ते तापले की अधिक वीज गळू देते, आणि अधिक वीज गळली की आणखी तापते. शेवटी स्वतःच्याच तापाने जळते. मालव्याच्या रात्री शीतल म्हणून नावाजलेल्या, पण मे महिन्यातील दुपार तशी नसते. काकांचे दोन ट्रान्झिस्टर अशाच एका दुपारी गेले.

येथे माझ्यातला वकील थोडा बोलतो. काकांच्या रेडिओला लायसन्स होते. त्याचे पुस्तक पोस्टात नेऊन दरवर्षी शुल्क भरावे लागे, आणि १९३३ च्या बिनतारी कायद्याप्रमाणे असे यंत्र परवान्यावाचून नुसते जवळ बाळगणे हाही गुन्हा होता. ही पद्धत १९८० च्या दशकात संपली. मात्र त्याच कायद्याच्या व्याख्येतून विजेच्या इतर कामी सर्रास लागणारी साधने, ती बिनतारी संदेशासाठी खास घडविलेली नसतील तर, वगळलेली होती. अ‍ॅम्प्लिफायर आकाशातून काही पकडत नाही. समोरचे क्षीण आहे ते मोठे करतो, एवढेच. त्यामुळे रेडिओ जुळविणारा मुलगा कायद्याच्या कचाट्यात सापडू शके, ध्वनिवर्धक जुळविणारा निर्धास्त असे. या फटीचा लाभ किती मुलांनी जाणूनबुजून घेतला असेल कोण जाणे. काकांना तर ही फट ठाऊकही नव्हती.

माझी पाळी आली ती १९९४ च्या सुट्टीत. गोव्याहून मामेभाऊ आला होता. तो गिटार घेऊन आला. मडगावकडच्या घरांतून हे वाद्य नवल नव्हे. आमच्या गल्लीत मात्र ते पाहायला माणसे जमली. त्याच्या तारांखाली एक पिक-अप बसविलेला होता. लोहचुंबकाभोवती बारीक तारेची हजारो वेटोळी. पोलादी तार कंपित झाली की वेटोळ्यात विजेचा अगदी सूक्ष्म तरंग उठतो. १९३० च्या सुमारास अमेरिकेत ही युक्ती प्रथम मांडीवर आडव्या ठेवून वाजविण्याच्या हवाईयन गिटारीला लावली गेली. पण त्या तरंगाला स्पीकर हलविण्याचे बळ नसते, आणि मामेभावाजवळ अ‍ॅम्प्लिफायर नव्हता. इंदूरच्या बाजारातून मी एक किट आणले.

त्यात एक बीसी १४८ आणि 'एसएल १००–एसके १००' ही सिलिकॉनची जोडी होती. जोडी का लागते, हे मला कागदाने शिकविले. एक ट्रान्झिस्टर तरंगाचा वरचा अर्धा भाग वाहतो, दुसरा खालचा. पालखीचे भोई खांदा बदलतात तसे. परंतु सिलिकॉनचा ट्रान्झिस्टर सुमारे ०.६ व्होल्ट मिळेपर्यंत जागा होत नाही. त्यामुळे एक थांबला आणि दुसरा उठला नाही, अशी एक पोकळी मध्येच राहते, आणि नेमके हळुवार स्वरच त्यात खरखरतात. उपाय असा, की दोन डायोड लावून दोघांनाही किंचित जागे ठेवावयाचे, इतके की हाक येताच उठतील, पण इतके नव्हे की विनाकारण तापतील. आवाज जेमतेम एक वॅटचा. खोलीला तेवढा पुष्कळ.

वीज जोडताच धूर निघाला. मोठा कपॅसिटर फुटला आणि खोलीभर उग्र वास पसरला. आईने खिडक्या उघडल्या, मामेभावाने गिटार उचलून अंगणात धाव घेतली. दुसऱ्या दिवशी मी सर्व सामान शेजारच्या गल्लीतील वृद्ध रेडिओ मिस्त्रींकडे नेले. त्यांनी पेटीला हात लावला नाही. आधी कागद मागितला. चष्मा पुसून तो दोनदा वाचला आणि म्हणाले, की आकृती बरोबर आहे, नकाशा चुकला आहे. कागदावर दोन चित्रे होती: एक सर्किटची आकृती, दुसरा पट्टीवर भाग कोठे बसवावयाचे त्याचा नकाशा. पहिल्यात त्या कपॅसिटरचे धन टोक वर होते, दुसऱ्यात खाली. एकाच दस्तऐवजातील दोन कलमे एकमेकांविरुद्ध! पुढे न्यायालयात असे प्रसंग शेकड्यांनी पाहिले, पण पहिला धडा मला त्या दुकानाच्या फळीवर मिळाला. चूक छापलेली होती म्हणूनच ती सापडली. गुपितात चूक असती तर ती कोणी, कशी दाखविली असती?

गाण्याच्या प्रांतातही हाच वाद आपण पाहिलेला आहे. अल्लादिया खाँसाहेबांनी ध्वनिमुद्रिका दिल्या नाहीत. चीजा घराबाहेर जाऊ नयेत हा त्या काळच्या उस्तादांचा बाणा होता. उलट भातखंडे, व्यवसायाने वकील, गावोगाव हिंडून बंदिशी मिळवीत आणि स्वरलिपीसह छापून टाकीत. ग्वाल्हेरला १९१८ साली त्यांच्याच पद्धतीवर माधव संगीत विद्यालय निघाले. कुमारांनीही १९६५ साली 'अनूपरागविलास' काढून स्वतःच्या बंदिशी छापून दिल्या. छापल्याने विद्या फळेनाशी होते, हे भोजराजाचे म्हणणे निदान देवासला खरे ठरले नाही. उस्तादांची बाजू मी अगदीच टाकून देत नाही. ज्याची उपजीविका विद्येवर आहे त्याला ती वाटून टाकण्याचा उपदेश करणे सोपे असते. पण यादी, आकृती आणि मोजमाप यांचा कागद बाहेर गेल्याने मिस्त्रींचे दुकान बुडाले नाही. उलट माझ्यासारखी फसलेली मुले त्यांच्याकडे गिऱ्हाईक होऊन येत.

मामेभावाने नंतर त्या अ‍ॅम्प्लिफायरवर आठ दिवस गिटार वाजविली. आवाज थोडा बोथट येई. मिस्त्रींचे निदान असे, की पिक-अपचे वेटोळे नाजूक, आणि पहिला ट्रान्झिस्टर त्याच्याकडून फार वीज ओढतो. जुन्या व्हॉल्व्हला ही खोड नव्हती. त्यांनी पुढे आणखी एक ट्रान्झिस्टर बसवून दिला आणि तो कागदावर पेन्सिलीने काढूनही ठेवला. ट्रंकेत सापडलेल्या कागदावर ती पेन्सिल अजून दिसते.

गेल्या पावसाळ्यात एका दाव्यासाठी धारला गेलो होतो. तारीख पडली, वेळ उरला, म्हणून बाजारातील एका दुरुस्तीच्या दुकानात बसलो. एका भजनी मंडळाचा लहान स्पीकर-अ‍ॅम्प्लिफायर तेथे उघडून ठेवला होता. आत नखाएवढी एकच काळी चिप; तिच्यावरचा क्रमांक बनविणाऱ्याने मुद्दाम घासून काढलेला. सोबत कागद नाही. मी भोजराजाची गोष्ट सांगितली. दुकानातला तरुण हसला, पण त्याचे लक्ष कामात होते. त्याने मीटरच्या सुया चिपच्या एकेका पायावर टेकविल्या, बराच वेळ काही पुटपुटला, आणि मग शेजारची शाळेची वही ओढून घेऊन त्यात रेघ मारली: हा पाय विजेचा, हा जमिनीचा, हा स्पीकरचा.